घड्याळ म्हणतं ठोके चुकताहेत, मग पुढे काय?

दिवाळी संपून आठवडा झाला असेल. अमळनेरला माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं, तर नाना पायरीवरच उभे. वय एकोणसत्तर, बीपीची गोळी गेली बारा वर्षं माझ्याकडूनच नेतात. पुण्याच्या मुलाने पाडव्याला त्यांच्या मनगटावर नवं घड्याळ बांधलं होतं, आणि आदल्या रात्री त्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. नातीने वाचून सांगितलं, की हृदयाचे ठोके अनियमित वाटताहेत, एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. नाना मनगट काउंटरवर ठेवून म्हणाले, "भाऊ, माले तं काहीच व्हत नही. मंग हाई घड्याय काय सांगी राह्यनं?"

रोग ठरवणं हे डॉक्टरांचं काम, माझं नाही. मी त्यांना तसं सांगितलं आणि दवाखान्यात पाठवलं. पण असं घड्याळ घेऊन येणारे नाना एकटे नाहीत. पोरं पुण्या-सुरतेहून घड्याळं आणतात, घड्याळं इशारे देतात, आणि घरात दोन तट पडतात. एकाला वाटतं हार्ट अटॅक आला, दुसऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. दोन्ही खरं नसतं. म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो.

हृदयातला पाटकरी

माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. पांझरेवर तिथे फडाची जुनी पद्धत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि कोणत्या फडाला कधी पाणी द्यायचं ते पाटकऱ्याच्या हातात. शेतकऱ्यांनी आपापल्या मर्जीने पाट फोडायचा नाही. पाटकरी सोडेल तेव्हाच पाणी.

हृदयाचे चार कप्पे. वरचे दोन रक्त गोळा करतात, खालचे दोन जोर लावून ते फुप्फुसांकडे आणि अंगभर ढकलतात. हे काम विजेच्या बारीकशा लहरीवर चालतं. वरच्या उजव्या कप्प्यात एक जागा आहे, तिथून मिनिटाला ६० ते १०० वेळा लहर उठते. ती वरच्या कप्प्यांतून पसरते आणि वर-खालच्या मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकते. तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. मग गाठ लहर पुढे सोडते आणि खालचे कप्पे आवळले जातात. ही मधली गाठ म्हणजे आपला पाटकरी.

आता वरच्या कप्प्यांत एका लहरीऐवजी जिकडेतिकडे लहरी उठायला लागल्या तर? मिनिटाला ३५० ते ६००. तेवढ्या वेगाने कोणताच स्नायू नीट आवळला जात नाही, तो नुसता थरथरतो. एट्रियल म्हणजे वरच्या कप्प्यांचं, फिब्रिलेशन म्हणजे थरथर. डॉक्टर त्याला 'एएफ' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो. पाटकरी बिचारा बहुतेक लहरी अडवतो. त्याने अडवल्या नाहीत तर माणूस जागेवर कोसळेल. पण ज्या निसटतात त्या कशाही निसटतात, आणि खालचे ठोके बेताल पडतात.

नाडीवर हा फरक बोटांना कळतो. एरवीची नाडी म्हणजे विहिरीवरचं डिझेल इंजिन, एका लयीत चाललेलं. एएफची नाडी म्हणजे पाऊस थांबल्यावर पत्र्यावरून ठिबकणारे थेंब. दोन पटपट, मग खंड, मग एक, मग तीन.

हार्ट अटॅक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते. एएफमध्ये बिघाड विजेच्या फिटिंगचा असतो.

त्रास होत नाही, तर घाबरायचं कशाला?

नानांचा मूळ प्रश्न हाच होता. काहींना एएफमध्ये धडधडतं, दम लागतो, जिना चढताना गळून जायला होतं. पण कितीतरी जणांना काहीच जाणवत नाही, आणि तीच अडचण आहे.

डाव्या वरच्या कप्प्याला कोपऱ्यात छोटी पिशवी असते. कप्पा नीट आवळला जातो तेव्हा तिथलं रक्तही हलतं. नुसता थरथरला तर तिथलं रक्त जवळजवळ उभं राहतं. पाटाच्या वळणावर साचलेल्या पाण्याचं काय होतं ते आपण बघतो, गाळ धरतो आणि शेवाळ येतं. रक्त साचलं की गुठळी धरते. ती सुटली की प्रवाहाबरोबर निघते आणि बऱ्याचदा मेंदूच्या नळीत जाऊन अडकते. आपल्याकडे म्हणतात लकवा मारला.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांच्या हृदयाची नोंद ठेवली जाते. त्या नोंदींवरून १९९१ मध्ये दिसलं, की एएफ असलेल्यांना लकव्याचा धोका जवळपास पाचपट असतो.

माझी आत्या रावेर तालुक्यात राहायची. एका सकाळी चुलीपाशी बसली होती, हातातली पळी खाली पडली आणि तिला ती उचलता येईना. तोंड वाकडं झालं. आम्ही जळगावला नेईपर्यंत दुपार झाली. तिथे ईसीजीची, म्हणजे हृदयातली वीज दाखवणारी, पट्टी काढल्यावर एएफ कळला. त्याआधी दोन वर्षं ती बीपीसाठी दवाखान्यात जात होती. दर खेपेला दंडाला पट्टा बांधला गेला, पण नाडीवर मिनिटभर बोटं कुणी ठेवली नाहीत. मीही नाहीच. हा लेख लिहिण्यामागे ती सकाळ आहे.

घड्याळ नेमकं बघतं काय?

घड्याळ उलटं केलं की हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो. ठोका पडला की कातडीखाली रक्त वाढतं आणि परत येणारा उजेड कमी होतो. घड्याळ या चढउतारावरून ठोके मोजतं आणि त्यांतली अंतरं बघतं. अंतरं फार बेताल दिसली की इशारा देतं. थोडक्यात, ते नाडी बघतं. हृदयातली वीज त्याला दिसत नाही.

वीज दाखवते ती ईसीजीची पट्टी. डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं यंत्र घडवलं आणि त्यासाठी १९२४ चं नोबेल मिळवलं. काही घड्याळांत दुसऱ्या हाताचं बोट टेकवून तीस सेकंदांची एकपदरी पट्टीही निघते. ती कामाची आहे, पण ती डॉक्टरांनी डोळ्यांखालून घालायलाच हवी. निदान पट्टीवर होतं, हिरव्या उजेडावर नाही.

घड्याळ बोललं म्हणजे रोग आहेच का?

राखणीचं कुत्रं भुंकलं म्हणजे चोर आलाच असं नाही. कधी वारा असतो, कधी रानडुक्कर.

अमेरिकेत ४ लाख १९ हजार लोकांच्या ॲपल घड्याळांवर अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये छापून आला. त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्के लोकांना इशारा मिळाला. त्यांना छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवली. ज्या ४५० जणांच्या पट्ट्या परत आल्या, त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एएफ सापडला. म्हणजे बाकीच्यांबाबत घड्याळ खोटं बोललं का? तसंही नाही. पट्टी पोहोचली तोवर काहींचे ठोके पुन्हा लयीत आले असणार. सुरुवातीचा एएफ असाच येतो-जातो. पट्टी अंगावर असताना ज्या वेळी घड्याळाने इशारा दिला, त्या वेळी शंभरात ८४ खेपा पट्टीवरही एएफच होता.

पण एक आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. त्या अभ्यासातल्या लोकांचं सरासरी वय होतं ४१. चाळिशीखालच्यांत इशारा हजारात एक-दोघांना, तर पासष्टीपुढच्यांत शंभरात तिघांना मिळाला. तेव्हा बत्तिशीतल्या धडधाकट पोराच्या घड्याळाने आवाज दिला तर घाबरू नका, एक ईसीजी काढा. सत्तरीच्या, बीपी असलेल्या बापाच्या घड्याळाने दिला तर टाळू नका. यंत्र एकच, पण इशाऱ्याचं वजन मनगट कुणाचं आहे यावर ठरतं.

एखादी बातमी "अभ्यासात सिद्ध झालं" असं सांगते, तेव्हा मी आधी हेच विचारतो, की अभ्यास झाला कुणावर?

चिठ्ठी टाकून औषध देतात, हा कसला न्याय?

पुढचं समजायला अभ्यासाची रीत समजायला हवी, आणि ती शेतकऱ्याला डॉक्टरांपेक्षा लवकर समजते. कारण ती शेतातूनच आली आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ती बसवली.

समजा कापसाचं नवं बियाणं आलं. बियाणेवाला ते तुमच्या सगळ्यात चांगल्या काळ्या रानात लावायला सांगेल आणि जुनं बरड माथ्यावर. मग नवं सरस दिसणारच. खरं कळायचं तर रानाचे सारखे तुकडे पाडा आणि कोणत्या तुकड्यात कोणतं बी ते चिठ्ठी टाकून ठरवा. औषधाचंही तसंच. डॉक्टरांवर सोडलं तर नवं औषध नकळत धडधाकट रुग्णांनाच जास्त दिलं जाईल. म्हणून चिठ्ठी, म्हणजे हल्ली संगणकच ती काढतो. दोन्ही गटांत म्हातारे, तरुण, साखरवाले, बीपीवाले सारखे विखुरतात, आणि शेवटी जो फरक उरतो तो औषधाचा असतो.

मग सगळ्यांच्याच छातीत यंत्र बसवून एएफ शोधला तर?

डेन्मार्कमध्ये हेच करून बघितलं. सत्तर ते नव्वद वयाचे ६,००४ लोक, ज्यांना लकव्याचा धोका वाढवणारं बीपी-साखरेसारखं काही ना काही होतं. चिठ्ठीने निवडलेल्या एका गटाच्या छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवलं, ते रात्रंदिवस ठोके नोंदवत होतं. दुसऱ्या गटाची नेहमीची तपासणी. पाच वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. निकाल २०२१ मध्ये आला. यंत्रवाल्यांत ३१.८ टक्के लोकांत एएफ सापडला, दुसऱ्या गटात १२.२ टक्के. जवळजवळ तिप्पट शोध आणि दुपटीहून जास्त लोकांना गोळ्या! पण लकवा यंत्रवाल्यांत ४.५ टक्के, बाकीच्यांत ५.६ टक्के. फरक इतका थोडा, की तो योगायोगाचाही असू शकतो.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा चक्रावलो. आत्याचा एएफ आधी सापडला असता तर, हे वाक्य मी किती वर्षं मनात घोळवत होतो. आणि इथे शोध तिप्पट होऊनही लकवे तेवढे घटले नाहीत. नंतर उमगलं, की सगळा एएफ सारखा नसतो. चोवीस तास टपून बसलेलं यंत्र दहा-दहा मिनिटांची थरथरही पकडतं. दिवसरात्र चालणाऱ्या थरथरीएवढी ती घातक नसते.

२०२३ मध्ये आणखी एका अभ्यासाने हे आकड्यांत मांडलं. पेसमेकरसारख्या यंत्रात सहा मिनिटं ते चोवीस तासांचा एएफ दिसलेले ४,०१२ लोक घेतले. निम्म्यांना ॲपिक्सॅबन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, निम्म्यांना ॲस्पिरिन. हजार लोकांमागे वर्षाला ॲस्पिरिनवर बारा लकवे झाले, ॲपिक्सॅबनवर आठ. पण मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनवर नऊ जणांना, ॲपिक्सॅबनवर सतरा जणांना. चार लकवे वाचले, आठ रक्तस्राव वाढले. लकव्याने हातपाय कायमचे जातात आणि बरेचसे रक्तस्राव सावरता येतात, म्हणून काही रुग्णांना हा सौदा पटेल, काहींना नाही. घड्याळात दिसलेल्या प्रत्येक थरथरीला गोळी लागत नाही ती यामुळे.

गोळी कुणाला, हे ठरतं कसं?

एएफ पट्टीवर पक्का झाला की डॉक्टर गुण मांडतात. हृदय कमजोर असेल तर एक, बीपीचा एक, साखरेचा एक, हृदयाच्या किंवा पायाच्या नळ्या तुंबल्याचा एक, वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५च्या पुढे दोन, आधी लकवा होऊन गेला असेल तर दोन. पूर्वी बाई असण्याचाही एक गुण होता, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढला. दोन किंवा जास्त गुण असले की रक्त पातळ ठेवणारी गोळी साधारणपणे द्यायचीच. नानांचा वयाचा एक, बीपीचा एक.

'रक्त पातळ' हा शब्द दुकानात रोज ऐकतो, पण रक्ताला पाणी होत नाही. गुठळी धरायची प्रक्रिया सावकाश होते, एवढंच.

यातलं सगळ्यात जुनं औषध वॉरफरिन, आणि त्याची सुरुवात गोठ्यातून झाली. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात कुजलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. त्या चाऱ्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळं निघालं. त्याचं एक भावंड आधी उंदीर मारायला विकलं गेलं आणि मग माणसाच्या कामी आलं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिलं होतं. एएफमध्ये वॉरफरिनने लकव्याचा धोका जवळपास दोन-तृतीयांशाने घटतो. मात्र मात्रा नाजूक, म्हणून वरचेवर 'आयएनआर' ही रक्ततपासणी करून आकडा दोन ते तीनच्या मध्ये ठेवावा लागतो. मेथी, पालक बंद करायची गरज नाही. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम जुडीभर, असं नको.

२००९ नंतर नव्या गोळ्या आल्या, ज्यांना ही तपासणी लागत नाही. १८ हजारांहून जास्त रुग्णांच्या २०११ च्या अभ्यासात ॲपिक्सॅबनने वॉरफरिनपेक्षा लकवेही कमी झाले आणि मोठे रक्तस्रावही. त्यांचे पेटंट संपले, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या निघाल्या, आणि काउंटरच्या अलीकडून मी किंमत उतरताना बघितली.

"त्यापेक्षा ॲस्पिरिन बरी, स्वस्त आणि सवयीची", असं पुष्कळ जण म्हणतात. वॉरफरिन न चालणाऱ्या साडेपाच हजारांहून जास्त रुग्णांमध्ये हे तपासलं गेलं. वर्षाला शंभरामागे लकवा वगैरे ॲस्पिरिनवर ३.७ जणांना, ॲपिक्सॅबनवर १.६ जणांना, आणि रक्तस्राव दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. एएफच्या लकव्यासाठी ॲस्पिरिन ही दाराला लावलेली सुतळी आहे, कडी नाही.

नवं ते चांगलं, हे आपल्याकडे लागू पडतं का?

इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे.

युरोप-अमेरिकेत एएफ हा बहुतेक करून म्हातारपणाचा आजार. भारतातल्या इस्पितळांमधल्या सुमारे दीड हजार रुग्णांच्या नोंदी २०१७ मध्ये छापल्या गेल्या, तेव्हा त्यांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं, निम्म्याहून जास्त बायका, आणि जवळपास निम्म्यांच्या हृदयाची झडप संधिवाती तापाने खराब झालेली. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात, घरचे म्हणतात वाढीचं दुखणं आहे. वर्षांनी झडप आक्रसते, डावा वरचा कप्पा फुगतो आणि एएफ सुरू होतो. माझ्याकडे येणारी एक बाई चाळिशीतली आहे. निंदणीला जाते, दोन लेकरं आहेत, आणि आयएनआरसाठी दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडवून जळगावला जाते. तिने विचारलं होतं, "ती नवी, तपासणी न लागणारी गोळी मला का देत नाहीत?"

नव्या गोळ्यांच्या मोठ्या अभ्यासांत झडप जास्त आक्रसलेले रुग्ण घेतलेच नव्हते. मग आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत साडेचार हजार रुग्णांवर वेगळा अभ्यास झाला. त्यात पुढाकार तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेल्या डॉ. गणेशन कार्तिकेयन यांचा. रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीचं, चारांतल्या जवळपास तीन बायका. हुबेहूब त्या निंदणीवालीसारख्या. अपेक्षा होती, की नवी गोळी रिव्हॅरॉक्सॅबन जुनीच्या तोडीस तोड ठरेल. निकाल २०२२ मध्ये आला तो उलटा. जुनी गोळी घेणाऱ्यांत लकवेही कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले.

हा अभ्यास झाला नसता तर? "नवी गोळी चांगली" म्हणून आपण सगळ्यांनी ती त्या बाईला आनंदाने दिली असती, मीसुद्धा. तिच्यासारख्या बायका अभ्यासात होत्या, म्हणून खरं कळलं.

म्हणजे आमच्यावर प्रयोग करायचे?

हा आक्षेप मी समजू शकतो. गरिबांना फसवून औषधं चाचपल्याच्या तक्रारी देशात झाल्या आहेत, त्यामुळे भीती हवेतली नाही. म्हणूनच नियम आहेत. जून २००९ पासून औषधाची प्रत्येक चाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, आणि ती नोंद कुणालाही इंटरनेटवर बघता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई बंधनकारक आहे. नीतिसमितीची मंजुरी लागते. संमतीपत्र आपल्या भाषेत मागा. नोंदणी क्रमांक विचारा. चाचणी अर्ध्यात सोडली तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हे विचारून घ्या. उत्तरं टाळणाऱ्याच्या कागदावर सही करू नका. पण सगळं नीट असेल तर नुसत्या भीतीपोटी नाही म्हणू नका.

तपासणीही खेड्यात होऊ शकते. आपल्या शेजारच्या गुजरातेत, आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत मोबाइलला जोडलेल्या यंत्राने सुमारे दोन हजार जणांचे ठोके तपासले, तेव्हा शंभरात दीड-दोघांमध्ये एएफ आढळला.

घड्याळ नसेल तर?

दोन बोटं पुरतात. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, पूर्ण एक मिनिट. आकड्यापेक्षा लय बघा. घरच्या डिजिटल बीपी मशीनवरही ठोके बेताल असल्याची खूण उमटते, ती पुन्हा पुन्हा दिसली तर ईसीजी काढा. पासष्टीनंतर डॉक्टरकडे कशासाठीही गेलात तरी नाडी बघायला सांगा, युरोपच्या सूचनाही तेच म्हणतात. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोली जड झाली, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेल चोळत बसू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर तिचं पाकीट बरोबर न्या.

नानांची पहिली पट्टी अगदी सरळ आली. घरच्यांनी घड्याळ परत करायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी मात्र चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं, आणि पहाटे दोननंतर सलग पाच तास एएफ दिसला. सोनोग्राफीत झडपा चांगल्या निघाल्या, किडनीही ठीक. ॲपिक्सॅबन सुरू झाली, सकाळी एक, रात्री एक. तिचा असर दिवसभराच्या पुढे टिकत नाही, म्हणून एकही चुकवायची नाही.

परवा ते कंबर धरून दुकानात आले आणि नेहमीची डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मागितली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मी नाही म्हटलं, पॅरासिटामॉल दिली, त्यांच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको', आणि त्यांच्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं.